जॅकवर सगळं घट्ट, जमिनीवर ढिलं

माझी गाडी म्हणजे सुटे भाग जमवून जोडलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. ढाचा १९५७ मध्ये आलेल्या लोटस सेव्हनचा: नळ्यांची चेसिस, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, ना दार ना छप्पर. इंजिन-गिअरबॉक्स जिप्सीचं, स्टीअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी पट्टी असलेली नळी, मारुती ८०० चा. चेसिस दुसऱ्या एका हौशी माणसाकडून अर्धवट अवस्थेत घेतली होती. नोंदणी नाही, त्यामुळे नाशिकच्या रस्त्यांवर काढायचा प्रश्नच नाही. मोहाडीला मामांच्या पॅकिंग शेडमागे ती उभी असते आणि द्राक्षबागेच्या कडेच्या रस्त्यावरच पळते.

दिवाळीनंतर स्टीअरिंग ढिलं वाटायला लागलं. चाळीसच्या पुढे गेलं की सरळ रस्त्यावरही सारखं डावं-उजवं करत राहायचं. स्टीअरिंगच्या रिमला चिकटपट्टी लावून मोजलं तर चाकं हलायच्या आधी रिम पाच सेंटिमीटर फिरत होती. माझं स्टीअरिंग तेरा इंची, म्हणजे साधारण सतरा अंश. मोटार वाहन नियम तीस अंशांपर्यंत चालवून घेतो, पण जेमतेम सहाशे किलोच्या गाडीत सतरा अंशसुद्धा अंगावर येतात.

मग मी नेहमीचा मूर्खपणा केला. नाशिकच्या द्वारकेजवळून दोन्ही टाय रॉड एंड, म्हणजे रॅक चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे सांधे, नवे आणून बसवले. फरक शून्य. मग रॅकच्या बुडाशी असतो तो ॲडजस्टिंग स्क्रू आवळला. प्ले, म्हणजे ते रिकामं फिरणं, किंचित कमी झाला, पण वळण संपल्यावर स्टीअरिंग आपणहून सरळ येईना, ओढून आणावं लागे. निमूटपणे स्क्रू पुन्हा होता तिथे आणला. गावातल्या मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली, चाकं वर-खाली, डावी-उजवी हलवून बघितली आणि म्हणाला, "साहेब, सगळं टाईट आहे." खरंच टाईट होतं.

बाबा ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. मामांकडे जेवायला आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "अरे, खाली उतरव तिला. हवेत काय सापडणार?"

मी आत बसलो, ते गोणपाट टाकून खाली सरकले. "फिरव. थोडंच. आता उलटं." चाकं जमिनीवर असताना टायर विरोध करतात, म्हणून जे ढिलं असेल ते आधी सरकतं. जॅकवर चाकं मोकळी फिरतात, कशालाच ताण येत नाही. प्रत्येक जोडावर हात ठेवत ते रॅकपाशी आले आणि गप्प झाले. "खाली ये. इथे बोट ठेव."

रॅक चेसिसला धरून ठेवणारा क्लॅम्प आणि रॅक यांच्या फटीत बोट ठेवलं. मामेभावाने स्टीअरिंग हलवलं आणि अख्खा रॅक बोटाखाली सरकला. इंजिनचं तेल ठिबकून क्लॅम्पमधलं रबर भिजलेल्या खारकेसारखं झालं होतं. सरकणं दीड मिलिमीटरचंच. पण माझ्या गाडीत स्टीअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात रॅक ४३ मिलिमीटर जातो आणि रिमचा घेर हजाराच्या वर. रॅकचा एक मिलिमीटर म्हणजे रिमवर चोवीस. पाचांतले साडेतीन सेंटिमीटर तिथेच सापडले.

उरलेलं खालच्या यूजे क्रॉसवर, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा रॅकला जोडणाऱ्या सांध्यावर. पिनियनच्या, म्हणजे रॅक सरकवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दांड्याला एक खाच असते, आवळायचा बोल्ट तिच्यातून जायला हवा, म्हणजे क्रॉस निसटत नाही. आमचा क्रॉस अर्धा इंच वरच बसवलेला, बोल्ट खाचेला शिवतही नव्हता. नुसत्या पकडीवर सगळा कारभार. हे पाहून माझ्या पोटात गोळा आला. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "आमच्याकडे असं काम घरी पाठवलं असतं."

रॅक सोडवण्याआधी त्यांनी चेसिसवर पंचने खुणा करून घेतल्या. रॅक चार मिलिमीटर वर-खाली बसला की खड्ड्यात गाडी स्वतःहून वळते. अंबडमधल्या एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचे दोन तुकड्यांतले क्लॅम्प करून घेतले. पहिली जोडी अर्धा मिलिमीटर सैल आली. बाबांनी मोजायला व्हर्नियर न काढताच परत पाठवली. क्रॉस खाली सरकवून बोल्ट खाचेतून घातला, क्लॅम्पला आपोआप ढिले न होणारे नायलॉक नट लावले आणि तरीही बोल्टच्या डोक्यांतून लॉकिंग वायर ओवली. जास्तच झालं, पण विमानाच्या माणसाला कोण सांगणार? शेवटी चाकांना दोरा लावून टो-इन, म्हणजे पुढची चाकं किती आत वळलेली आहेत ते, तपासलं.

आता रिमवर एक सेंटिमीटर प्ले आहे. रबर गेल्याने रस्त्यातला खडान्‌खडा हाताला कळतो, अर्ध्या तासात मनगटं भरून येतात. मला चालतं.

मामा मागे उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "दाजी, आमच्या ट्रॅक्टरचं पण बघता का?"

बाबांनी गोणपाट अजून उचललं नव्हतंच.