पास झालेला सिनेमा कुठे गेला?

परवा डब्बा खाताना ऑफिसमधली चिनी मैत्रीण सहज म्हणाली, 'रिटर्न टू डस्ट'मधला तो शेतकरी शेवटी नव्या घरात राहायला गेला ना, आणि माझा घास हातातच राहिला.

मी तो सिनेमा २०२२ मध्ये, लॉकडाऊननंतर थिएटरं उघडली तेव्हा शांघायमध्येच पाहिला होता. दिग्दर्शक ली रुइजुन, गाव वायव्य चीनमधल्या गान्सू प्रांतातलं, घरच्यांना नकोसे झालेले दोघं, त्यांचं लावून दिलेलं लग्न, एक गाढव आणि मातीच्या विटा थापून स्वतः बांधलेलं घर. बायको गेल्यावर तो काय करतो हे सिनेमा स्पष्ट दाखवत नाही, पण यवतमाळकडच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मैत्रिणीने ऑनलाइन पाहिला होता, आणि तिथे शेवटी एक ओळ जोडली होती की २०११ च्या हिवाळ्यात सरकार आणि गावकऱ्यांच्या मदतीने तो नव्या घरात गेला. सप्टेंबरअखेर तर सिनेमा सगळ्या ॲप्सवरून गायबच झाला, कारण कोणी दिलं नाही. पण अतिगरिबी संपली असं २०२१ मध्येच जाहीर झालं होतं आणि पुढच्याच महिन्यात कम्युनिस्ट पक्षाचं विसावं अधिवेशन होतं.

मला राग याचा येतो की तो पास झालेला होता! इथे प्रत्येक सिनेमाआधी हिरव्या पडद्यावर सोनेरी ड्रॅगन येतो, तो परवान्याचा शिक्का, त्याशिवाय थिएटर मिळतच नाही, आणि २०१८ पासून हे सिनेमाचं खातं थेट पक्षाच्या प्रचार विभागाकडे आहे. म्हणजे त्यांनीच वाचला, त्यांनीच पाहिला, त्यांनीच शिक्का दिला, बर्लिनच्या स्पर्धेत जाऊन आला, लोकांनी एकमेकांना सांगून सांगून १० कोटी युआनच्या वर नेला, आणि मग काढला. मग त्या शिक्क्याला अर्थ काय?

आपल्याकडे काय वेगळं आहे, असं म्हणाल. मान्य, आपलंही सेन्सॉर कात्री चालवतं, अपिलाचं ट्रिब्युनल तर २०२१ मध्ये बंदच केलं. पण हायकोर्टात जाता येतं, आणि आत्महत्यांचा आकडा विधानसभेत विचारता येतो, हा फरक मला लहान वाटत नाही. आणि हो, चिनी सिनेमा म्हणजे नुसता प्रचार असंही कोणी म्हणू नका, हाही इथल्याच माणसाने इथल्याच मातीत बनवलाय.

मी तेव्हा वीचॅटवर, म्हणजे इथल्या व्हॉट्सॲपवर, एक शब्द टाकला नाही. व्हिसा कंपनीचा, मुलीची शाळा इथे, आणि या देशाने मला खूप दिलंय. मराठीत लिहितेय, तेवढं तरी.

थिएटरमधून आले त्या रात्री बाबांना फोनवर सगळी गोष्ट सांगितली होती. ते कापूसवाले. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "कर्ज किती होतं वं त्याच्यावर?"

काहीच नाही बाबा. बियाण्याचं, खताचं, उसनी आणलेली अंडीसुद्धा, सगळं फेडलं होतं त्याने.