एसीचं झबलं

नागपुरात दिवाळीची साफसफाई निघाली की कूलरची पाळी ठरलेली. टाकीतलं उरलंसुरलं पाणी उपसायचं, तळाचा पांढरा क्षार खरवडायचा, कुजक्या ताट्या काढून टाकायच्या, पंप पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा, पत्रा जिथे गंजलाय तिथे रंगाचा हात फिरवायचा आणि शेवटी त्या अख्ख्या धुडाला जुनी चादर गुंडाळून सुतळीनं करकचून बांधायचं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणारं आमचं गाव, २०१३च्या मे महिन्यात तर तो ४७.९ अंशांवर पोचला होता. इथे हे काम कुणाला शिकवावं लागत नाही.

मग घरात एसी आला, आणि आम्ही त्यालाही कूलरचेच संस्कार लावले.

त्यातला मुख्य संस्कार म्हणजे कव्हर. आमच्या सासूबाईंचा हात शिलाईवर चांगला आहे आणि उघडी वस्तू त्यांना बघवत नाही. फ्रिजला डोक्यावर खिशांचं कव्हर, त्याच्या हँडललाही वेगळं, मिक्सरला कव्हर, वॉशिंग मशीनला कव्हर, आणि ज्या शिलाई मशीनवर ही सगळी शिवली जातात तिलाही झालरीचं कव्हर. तेव्हा भिंतीवरचा एसी सुटणं शक्यच नव्हतं. जुन्या पडद्याचं कापड, तोंडाला इलॅस्टिक, खाली बारीक झालर. पहिल्या थंडीत त्यांनी ते चढवलं तेव्हा भिंतीला टांगलेलं एखादं तान्हं झबलं घालून झोपलंय असंच वाटलं.

“उघडं का ठेवायचं गं? धूळ बसते,” हा त्यांचा युक्तिवाद, आणि त्यात चूक काही नाही. पण एसीचा खरा शत्रू आधीच आत असतो. तो म्हणजे ओल.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगे-आकसे आणि रंगावर रंग नीट बसत नसे. त्यावर विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरनं जी यंत्रणा आखली तिला आपण एअर कंडिशनिंगची सुरुवात मानतो. म्हणजे माणसाला घाम येतो याची काळजी नंतरची, आधी काळजी कागदाची. हवेतलं पाणी काढून घेणं हा या यंत्राचा जन्मापासूनचा धंदा. आणि नागपुरात तो कधी जोरात चालतो? मे महिन्यात नाही. तेव्हाची कोरडी हवा कूलरला मानवते. पाऊस सुरू झाला की कूलर निकामी, कारण तो ओल्या हवेत आणखी ओल घालतो. मग जुलै ते ऑक्टोबर एसीची ड्यूटी. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास आपण त्याला सुट्टी देतो तेव्हा त्याची कॉइल, खालचा ट्रे आणि आतला नळकांड्यासारखा ब्लोअर हे सगळं वर्षभरात सर्वांत जास्त ओलं असतं. त्यावर लगेच झबलं चढवलं की बुरशीची सोय झाली. मार्चमध्ये पहिल्यांदा सुरू केल्यावर खोलीभर जो ओल्या पायपुसण्याचा वास सुटतो, त्याचं मूळ इथे असतं.

उपाय अगदी साधा आणि फुकटचा आहे. बंद करायच्या आधी कोरड्या दिवशी दोन-तीन तास नुसत्या फॅन मोडवर चालवायचा. कूलिंग नाही, नुसता वारा. जाळ्या काढून नळाखाली मऊ ब्रशनं धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या, कारण कडक उन्हात त्यांचं प्लास्टिक वाकडं होतं आणि मग त्या खाचेत बसता बसत नाहीत. एवढं झाल्यावर घाला खुशाल झबलं. कापडाचं आहे, हवा खेळती राहते. सासूबाईंशी आमचा तह याच अटीवर झाला.

बाहेरच्या युनिटबाबत मात्र मी तह करणार नाही. शेजारच्या काकूंकडे त्याला निळी ताडपत्री चहूबाजूंनी बांधतात. ते यंत्र पावसात उभं राहायलाच बनवलेलं असतं, त्याला थंडीची कसली भीती? ताडपत्रीच्या आत दमटपणा कोंडतो, स्क्रू गंजतात, आणि उंदरांना वायरींसकट तयार घर मिळतं. शिवाय फेब्रुवारीत एखाद्या दुपारी उकडतं, कुणीतरी रिमोट दाबतं, आणि बाहेरचा पंखा ताडपत्रीतच गरम हवा घुसळत बसतो. फार तर डोक्यावर एखादा पत्रा किंवा प्लायचा तुकडा ठेवावा, वरून काही पडू नये म्हणून. बाजू मोकळ्याच बऱ्या.

अर्थात मोकळ्या बाजूंचे त्रासही आहेत. कबुतरं मागच्या जाळीला काड्या आणि पिसं चिकटवून जातात. पाली आत शिरतात आणि एखादी सर्किट बोर्डावर आडवी होऊन स्वतःसह बोर्डालाही नेते. पण मला कौतुक आहे ते कुंभारीण माशीचं. एसीचं पाणी बाहेर टाकणारा पांढरा पाइप सुकला की त्याचं तोंड तिला आयतंच घर. एका वर्षी आमच्या पाइपातून पाणी बाहेर पडेना, ते आत पलंगावर ठिबकू लागलं. तोंडाशी बघितलं तर करड्या मातीचं घट्ट बूच. दाभणानं टोकरलं तेव्हा माती पापुद्र्यांनी निघाली आणि मागून तीन-चार हिरव्या अळ्या पडल्या, मेलेल्या नव्हेत, नुसत्या लुळ्या. पिल्लाच्या जेवणाची तरतूद करून बाई निघून गेल्या होत्या. तेव्हापासून दिवाळीत त्या तोंडावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडनं लावते. उन्हाळ्यात तो आठवणीनं काढायचा असतो, नाहीतर शेवाळ साचून तोही बूचच होतो.

सर्व्हिसिंग थंडीत करून घ्यावं की नाही यावर दोन मतं आहेत. धुणं-पुसणं खुशाल करून घ्यावं. एप्रिलमध्ये मेकॅनिक फोन उचलत नाही. जानेवारीत तोच घटकाभर निवांत बसून चहा पितो आणि कॉइलच्या नाजूक पट्ट्या वाकू न देता पाण्याचा फवारा मारतो. पण गॅसच्या गोष्टी थंडीत नकोत. गेज लावून तो म्हणणारच, “काकू, गॅस कमी दिसून राहिला, भरून टाकू का?” दिसणारच ना! तापमान उतरलं की गॅसचा दाबही उतरतो. २०१८च्या डिसेंबरअखेर इथे पारा ३.५ अंशांवर आला होता. तेव्हा कोऱ्या करकरीत एसीचा काटाही खालीच दिसला असता. एसीचा गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि आधी ती गळती शोधायची. अशा वेळी मी “भाऊ, मार्चमध्ये बघू” म्हणते आणि चहा पुढे करते. भाऊही फार ताणत नाही.

राहता राहिला एमसीबी, म्हणजे एसीची वीज तोडणारा खटका. तो खाली पाडून ठेवायचा, म्हणजे स्टॅबिलायझरचा लाल दिवा चार महिने उगाच जळत नाही. रिमोटमधले सेलही काढून ठेवायचे, नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या स्प्रिंगा हिरव्या पडतात. मी ते काढून डबीत घालते, डबीवर चिठ्ठी चिकटवते. संक्रांतीच्या आत ते टीव्हीच्या रिमोटमध्ये गेलेले असतात, आणि कुणी नेले हे विचारलं की सासूबाई झबल्याची झालर नीट करायला लागतात.