परड्यातलं खुराडं: कोंडलेली वाफ बाहेर काढताना

फेब्रुवारीत जोत्याचे चिरे बसवले तेव्हा माझ्या डोक्यात एकच विषय होता, मुंगूस. आमचं घर चिपळूण तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. दिवसा मुंगूस परड्यात फिरतं, रात्री उदमांजर कौलांवरून जातं. म्हणून खुराडं भक्कम बांधलं आणि जमेल तितकं बंदिस्त केलं. पावसाळ्यात त्या बंदिस्तपणानेच घात केला. आता गणपती होऊन गेले, दुरुस्तीला दोन महिने होत आले, कोंबड्या ठणठणीत आहेत. म्हणून मापांसकट लिहून ठेवतो.

आधी बांधणी. ८ फूट लांब, ६ फूट रुंद. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मुख्यतः आखूड भिंतींवर येतं. खाली जांभ्याचे दोन थर, आत कोबा, वर वाशांचा सांगाडा. छप्पर एकपाखी, पत्र्याचं. दक्षिणेला साडेपाच फूट, उत्तरेला सात. पक्षी १६: पंधरा कोंबड्या, एक कोंबडा, बहुतेक गावठी, चार गिरिराज. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर भाताच्या तुसाचा जाड थर अंथरून पाळताना, एका पक्ष्याला साधारण दोन चौरस फूट धरतात, माझ्याकडे तीन होते. जागा कमी पडली नाही, हे आधीच सांगतो.

जाळीबद्दल ठामपणे सांगेन. षटकोनी कोंबडी-जाळी स्वस्त मिळते, पण मुंगूस आणि कुत्रं ती फाडतात. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळीच घ्या. ती जोत्याच्या बाहेर फूटभर जमिनीखाली आडवी पसरा, कारण उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं आणि जाळीवर येऊन अडतं. माझ्याकडे दोनदा उकरलेलं दिसलं, दोन्ही वेळा जाळीपाशी थांबलेलं.

एप्रिल-मेमध्ये पत्रा तापायचा. कोंबड्या दुपारी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सैल सोडून धापा टाकायच्या. कोंबडीला घाम येत नाही. कडक उन्हाळ्यात ती मुख्यतः धापांवाटे उडणाऱ्या पाण्यानेच निवते, आणि दमट हवेत ते नीट उडत नाही. पत्र्यावर नारळाचे झाप टाकले, पाणी सावलीत आणि दिवसातून तीनदा बदललं. ते दिवस निभावले.

मग पाऊस आला. मृग आणि आर्द्रा ठीक गेली. पुनर्वसू लागलं, म्हणजे आमच्याकडचा तरणा पाऊस, आणि नैर्ऋत्येकडून झडी सुरू झाल्या. माझ्या खुराड्याला तेव्हा फक्त दोन खिडक्या होत्या, प्रत्येकी एक फूट बाय एक फूट. दक्षिणेच्या खिडकीतून तुषार आत येतात म्हणून तिच्यावर ताडपत्री बांधली. पूर्वेच्या दाराला जाळी होती, तिथेही रात्री गोणपाट सोडलं. कोंबड्या भिजू नयेत एवढीच तळमळ होती.

चौथ्या-पाचव्या सकाळी दार उघडून आत वाकलो आणि डोळ्यांत चटका बसला. नाकात तिखट, घशात खवखव. वर पाहिलं तर पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते, पन्हळीच्या टोकाशी जमून खाली ठिबकत होते. छप्पर कुठेही गळत नव्हतं. ते पाणी आतलंच होतं. कोंबड्या रात्री बसतात त्या दांड्यांखालचा तूस दाताळ्याने उचकटला तर भाकरीच्या पोपड्यासारखे तुकडे निघाले, खाली चिकट आणि काळे. आईची लाडकी तांबडी कोपऱ्यात अंग फुलवून उभी होती. एका डोळ्यात फेस, श्वासाला घरघर.

हे पाणी आलं कुठून याचा हिशोब त्या दिवशी मांडला. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. सोळा पक्ष्यांचे चार लिटरच्या आसपास झाले. अंड्यात जातं ते थोडं. बाकीचं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं, आणि ताज्या विष्ठेत जवळपास पाऊण हिस्सा पाणीच असतं. म्हणजे आभाळातला थेंब मी अडवला आणि रोज रात्री आतल्या आत ओल साठवत राहिलो. ओल्या तुसात जिवाणू विष्ठेतल्या युरिक आम्लाचा अमोनिया करतात. तो डोळे आणि श्वासनलिका जाळतो, मग आजाराला वाट मिळते.

दवाखान्यातून औषध आणलं. दुसरी एक आजारी कोंबडी चार दिवसांत बरी झाली. तांबडी वाचली नाही. आईने दोन दिवस कोंबड्यांना दाणे टाकायला यायचं टाळलं. त्या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं, आणि हे सगळं इतकं सविस्तर लिहिण्याचं कारणही तेच आहे.

दुरुस्ती पुष्य नक्षत्रात, उघडीप मिळेल तशी केली. पश्चिमेची भिंत चिऱ्याची, ती तशीच बंद ठेवली. दक्षिणेला आणि उत्तरेला छपराखाली पूर्ण लांबीभर नऊ-नऊ इंचांची फट काढली आणि वेल्डमेश मारली. दोन्ही मिळून १२ चौरस फूट. पूर्वेची भिंत कमरेच्या वर सगळी जाळीची केली, ६ फूट बाय ३ फूट, म्हणजे आणखी १८. आधी दोन खिडक्या आणि एक झाकलेलं दार, आता ३० चौरस फूट उघडं, आणि तेही पाऊस चालू असताना.

पाऊस अडवायचं काम आता भिंतीकडे नाही, वळचणीकडे आहे. दक्षिणेला पत्रा अडीच फूट बाहेर काढला, पूर्वेला दोन फूट. तुषार येतात, पण तुसापर्यंत पोचत नाहीत. वारा दक्षिणेच्या कमी उंचीच्या फटीतून शिरतो, आतली कोंबट हवा पत्र्याच्या चढाने वर सरकते आणि उत्तरेकडून निघते.

आमच्या शेजारच्या अण्णांनी रास्त शंका काढली: बाहेरची हवाच चिंब, ती आत घेऊन काय सुकणार? सुकतं, कारण पक्ष्यांच्या अंगाच्या उबेने आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गरम होते आणि गरम हवा जास्त वाफ धरते. अट एवढीच, ती वाफ घेऊन हवेला बाहेर जाता आलं पाहिजे.

दांड्या पश्चिमेच्या बंद भिंतीकडे, अडीच फुटांवर ठेवल्या. प्रत्येकी ६ फुटांच्या दोन, म्हणजे पक्ष्याला नऊ इंच. झोपलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा फट फूटभर तरी वर हवी, वाऱ्याचा झोत अंगावर येता कामा नये. हे तपासायला रात्री नऊला, पक्षी दांडीवर बसल्यावर, उदबत्ती घेऊन आत गेलो. दांडीच्या उंचीवर धरली तर धूर सरळ, संथ वर चढत होता. हात वर नेला आणि साडेचार फुटांच्या पुढे धूर वाकला, उत्तरेकडे ओढला गेला आणि जाळीतून नाहीसा झाला. कोंबडा तेवढा एकदा गुरगुरला. त्या धुराकडे बघत मी बराच वेळ उभा राहिलो.

तुसासाठी मुठीची परीक्षा वापरतो. मूठभर तूस घट्ट दाबायचा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. भुगा होऊन सुटला तर ठीक. पाच इंचांचा थर आहे, एक दिवसाआड दाताळ्याने खालीवर करतो. चुन्याबद्दल मात्र सावध करतो. वास आला की चुना टाका, असं सगळे सांगतात. मीही टाकला. ओल्या, विष्ठेने भरलेल्या तुसात चुना पडला की अमोनिया अडत नाही, उलट आणखी सुटतो. त्या रात्री वास भडकला. आता चुना फक्त रिकाम्या, झाडलेल्या कोब्याला.

आई म्हणते, आमच्या लहानपणी कोंबड्या पडवीत डालग्याखाली निजायच्या, कधी डोळे आले नाहीत. डालगं बांबूचं, सगळीकडून हवा खेळती, वर पडवीचं छप्पर. मी बांधलेलं आता त्याच्याच जवळ जाऊन पोचलंय.

घाटावरच्या मंडळींनी माझी मापं जशीच्या तशी घेऊ नयेत. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबरची रात्र आमच्यापेक्षा फार गार. तिथे पूर्वेच्या जाळीवर वरखाली होणारा पडदा लागेल. पण छपराखालची फट थंडीतही बुजवू नका. कोरडी कोंबडी पिसं फुलवून थंडी सोसते, ओलसर हवेत ती आजारी पडते.

सध्या दिवसाला आठ-नऊ अंडी मिळतात, जुलैत तीनवर आली होती. एक उणीव राहिली आहे: ईशान्येच्या कोपऱ्यात, अंड्यांच्या खोक्यांमागे, हवा अडते आणि तिथला तूस अजून मुठीत गोळा धरतो. या रविवारी खोके भिंतीपासून सहा इंच पुढे ओढतो आणि पुन्हा उदबत्ती घेऊन आत जातो.