वस्तीच्या आधी स्थापन होणारे सरकार

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी, सायप्रस, फुलशियर या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मालमत्ता कराच्या बिलातील ‘एमयूडी’ ही ओळ चांगलीच परिचयाची आहे. म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट म्हणजे मुख्यतः पाणी, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा या कामांसाठी स्थापन झालेले छोटेसे सरकार. नव्या वसाहतींमध्ये त्याचा कर पुष्कळदा कौंटीच्या करापेक्षाही जास्त असतो. हे सरकार कोणी, केव्हा आणि कसे स्थापन केले, हे मात्र तो भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

याचे मूळ टेक्सासच्या राज्यघटनेत १९१७ साली झालेल्या दुरुस्तीत आहे. त्या दुरुस्तीने जलव्यवस्थापनासाठी स्वतंत्र डिस्ट्रिक्ट स्थापन करण्याची आणि त्यांना कर्ज काढून कर बसवण्याची मुभा दिली. आज डेव्हलपर शहराच्या हद्दीबाहेरची, एके काळी भातशेतीखाली असलेली जमीन विकत घेतो, तेव्हा तेथे ना नळ असतो ना गटार, आणि शहरही ती आणून देण्यास बांधील नसते. मग तो राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे अर्ज करतो. या अर्जावर त्या क्षेत्रातील मूल्याने निम्म्याहून अधिक जमिनीच्या मालकांच्या सह्या लागतात. सगळी जमीन एकाचीच असेल, तर एक सही पुरते. जमीन शहराच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे हद्दीबाहेरच्या पण शहराचा काही अधिकार चालणाऱ्या पट्ट्यात, येत असेल, तर शहराची संमतीही मागावी लागते. आयोग अभियंत्याचा अहवाल तपासून मंजुरी देतो आणि पाच हंगामी संचालक नेमतो. विधिमंडळात स्वतंत्र विधेयक मंजूर करून घेण्याचा दुसरा मार्गही आहे.

यानंतर निवडणूक होते, आणि माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. घरे अजून बांधलेली नसल्याने मतदारच नसतात. म्हणून मोकळ्या रानात एखादे फिरते घर आणून ठेवले जाते, त्यात एक-दोन माणसे राहायला येतात, त्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव नोंदवतात, आणि त्यांच्या मोजक्या मतांनी डिस्ट्रिक्ट कायम होते, संचालक निवडून येतात आणि कोट्यवधी डॉलरचे कर्जरोखे काढण्याचा अधिकारही मंजूर होतो. संचालकाने त्या क्षेत्रातील मतदार किंवा करपात्र जमिनीचा मालक असावे अशी अट असल्यामुळे इच्छुकांच्या नावे जमिनीचा छोटासा तुकडा करून दिला जातो. हे कायद्याच्या चौकटीत बसते. परंतु पुढची पंचवीस-तीस वर्षे ते कर्ज फेडणारी माणसे त्या मतदानाच्या वेळी तेथे नसतात.

या पद्धतीची जमेची बाजूही सांगितली पाहिजे. जलवाहिन्यांचा खर्च आधी डेव्हलपर करतो, घरे उभी राहिल्यावर कर्जरोख्यांतून तो त्याला परत मिळतो, आणि वस्ती वाढली की कराचा दर सहसा उतरत जातो. दूरच्या वसाहतीचा बोजा शहरातील करदात्यांवर पडत नाही.

तरीही मला कॅलिफोर्नियाचा जुना नमुना अधिक न्याय्य वाटतो. तेथील १८८७ च्या राइट कायद्यानुसार सिंचन डिस्ट्रिक्ट स्थापन करायचे, तर प्रथम पन्नास जमीनमालकांचा किंवा मालकांच्या बहुमताचा अर्ज आणि मग दोन-तृतीयांश मते आवश्यक होती. त्याच वर्षी टरलॉक येथे पहिले डिस्ट्रिक्ट स्थापन झाले. विरोधकांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले, पण १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कराचा भार ज्या भागावर पडणार होता, तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्या लोकांनीच तिथे कौल दिला होता.

टेक्सासमध्ये कायदा बदलेपर्यंत हाताशी आहे ते वापरले पाहिजे. घर विकणाऱ्याने डिस्ट्रिक्टचा करदर आणि मंजूर कर्जाची रक्कम खरेदीदाराला लेखी कळवणे बंधनकारक आहे. हा कागद करारावर सही करण्यापूर्वी वाचावा. संचालकांच्या निवडणुका सम वर्षांत मे महिन्यात होतात आणि नागरिकत्व मिळालेल्या आपल्यापैकी कोणालाही त्या लढवता येतात. ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्ड किंवा व्हिसाच आहे, त्यांना मत नसले तरी सभेला बसता येते आणि बोलताही येते. या सभा पुष्कळदा वस्तीपासून दूर, वकिलांच्या कचेरीत भरतात. मात्र डिस्ट्रिक्टमध्ये किमान पन्नास मतदार राहू लागले आणि त्यांपैकी पाच जणांनी लेखी मागणी केली, तर मंडळाला सभेची जागा डिस्ट्रिक्टमध्येच ठरवावी लागते; तशी योग्य जागा नसेल, तरच हद्दीपासून दहा मैलांच्या आतली जागा घेता येते.