मानेचं विचारलंत म्हणून

मी कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला सोनार. साज घडवायला टाकणारं गिऱ्हाईक असो की रंकाळ्यावर भेटणारा शाळेतला सोबती, प्रश्न एकच. ‘शेवटी कशानं गुण आला रे? मालिश, फिजिओ, का ते कटकन मोडणारे?’ चार वर्षं मी ‘चाललंय’ म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहितो.

गुण आलेला नाही. कमी-जास्त होतं. सोळाव्या वर्षापासून ऐरणीवर वाकून बसलेल्याची मान दुसरं काय करणार? ‘काम बदल’ म्हणणाऱ्यांनी पर्यायी कामही सुचवावं.

सुरुवात तालमीतल्या मालिशनं. कोल्हापुरात दुसरी कुठून होणार? कोमट तेल आणि पैलवानी अंगठे. हात फिरतोय तोवर स्वर्ग, दोन दिवस कामाला बसलो की पुन्हा तेच. फसवतात म्हणून मी लई बोललो तेव्हा. मग २०१४ सालचा एक अमेरिकन अभ्यास वाचनात आला, जुनाट मानदुखीच्या २२८ लोकांवरचा. अर्ध्या तासाच्या मालिशनं फारसा फरक पडला नाही. तासाभराची, आठवड्यात दोन-तीनदा, अशी चार आठवडे झाली त्यांना पडला. मी जायचो रविवारी, वीस मिनिटं. आता दोष कुणाला देऊ? आणि लग्नसराईत आठवड्याचे तीन तास कुणाकडं आहेत? (हे सगळं मी मोबाइलवर, मान खाली घालून वाचत होतो. बायकोनं ते लगेच दाखवून दिलं.)

ग्रीवाबस्तीही केली. पालथं झोपवून मानेवर उडदाच्या पिठाचं आळं करतात आणि त्यात गरम तेल सोडतात. पाच दिवस छान गेले. सहाव्या दिवशी दुखणं हजर.

मग तो हाडवैद्य. नाव, गाव विचारू नका.

एप्रिल होता. तीन साजांचं काम अंगावर होतं. मानेपासून उजव्या हातापर्यंत कळ यायची, साजातलं कासवाचं पान चिमट्यात धरून झाळताना बोटांना मुंग्या. भाच्याच्या गाडीवर बसून गेलो. वैद्यानं एक हात हनुवटीखाली घातला, दुसरा डोक्यामागं. ‘सैल सोडा मामा.’ कट्‌! त्या रात्री मी सहा महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपलो. हे खोटं नाही, आणि मला ते खोटं ठरवायचंही नाही. दुसऱ्या दिवशी गुजरीत दहा जणांना सांगत सुटलो. चौघं गेलेही.

बाराव्या दिवशी मी परत गेलो. दुखत फारसं नव्हतं, खरं सांगायचं तर तो आवाज पाहिजे होता. या खेपेला डावीकडं झटका दिला आणि वरचा पंखा गरगर फिरायला लागला. पंखा बंद होता. घाम फुटला, तिथंच ओकलो. ‘वात सुटतोय, चांगलं लक्षण,’ तो म्हणाला. आणि मी मान डोलावली! पैसेही दिले. बाहेर पायरीवर बसल्यावर भाच्यानं पाण्याचा तांब्या दिला तो हातातून सुटला. तांब्या गडगडत रस्त्यापर्यंत गेला, मी नुसता बघत राहिलो. ज्या हातानं साजाचे जवमणी ओवतो तो हात.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोलायला लावलं, बोट नाकाला लावायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारली. मग सांगितलं, मानेच्या मणक्यांना भोकं असतात, त्यातून मेंदूकडं दोन रक्तवाहिन्या वर जातात. झटक्यानं क्वचित त्यांचं आतलं अस्तर फाटतं, गुठळी होऊन अर्धांगवायूही होऊ शकतो. क्वचितच, पण होतो. माझं फाटलं नव्हतं, तपासण्या साफ आल्या. आणि तो ‘कट्‌’ म्हणजे हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हेच म्हणे, सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो त्याचा. म्हणजे मी पैसे मोजून बुडबुडा विकत घेतला.

घरी ‘पित्त झालं होतं’ असंच सांगितलं. बायकोला आज हे वाचून कळेल.

त्यानंतर फिजिओ. पोरगी भाचीच्या वयाची. अंगठ्यांनी एकेक मणका हळूहळू हलवते, झटका नाही. ती म्हणते, झटका आणि हे हळू हलवणं यांची तुलना झाली तेव्हा दोन्हींचा गुण जवळपास सारखाच निघाला, मग जोखीम कशाला? एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती फुगलीय म्हणून मी घाबरलो, तर म्हणाली, जपानमध्ये काहीही न दुखणाऱ्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, शंभरातल्या सत्त्याऐंशींच्या चकत्या फुगलेल्या होत्या. मी विचारलं, ‘मग माझंच का दुखतं?’ ती हसली. ‘काका, आज व्यायाम केलात का?’

नव्हता केला. हनुवटी आत ओढायची, दहा मोजायचे, सोडायचं. इतकं कंटाळवाणं काम मी सोनं झाळायची डाक बनवतानाही केलं नाही. केलं की पंधरवड्यात फरक दिसतो, फरक दिसला की मी सोडतो. फिजिओनं गुण नाही असं माझ्या तोंडून ऐकलं असेल कुणी, तर ते व्यायाम सोडलेल्या आठवड्यांतलं समजा.

तेव्हाचा मी अजून मधनंच हुज्जत घालतो. एका रात्रीत झोप कुणी दिली? हाडवैद्यानंच. का त्या दिवशी दुकान बंद ठेवलं, कुणीतरी माझं दुखणं अर्धा तास ऐकून घेतलं, म्हणून झोपलो? ठाऊक नाही. त्या पोरीच्या हाताखाली तशी झोप एकदाही लागलेली नाही, हे तिला सांगायचं धाडस होत नाही.

त्या चौघांतला एक अजून तिकडं जातो, महिन्याला. रक्तवाहिनीचं सगळं त्याला समजावून सांगितलं. ‘मला तर काही झालं नाही भावा, तुझ्यामुळंच बरा झालो,’ म्हणतो. गेल्या आठवड्यात पेढे घेऊन आला, पोरगी पास झाली म्हणून. जाता जाता मान वळवून दाखवली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ‘परवा येतोस?’

मी नाही म्हणालो. तो गाडीला किक मारून महाद्वाराकडं वळेपर्यंत बघत होतो. पुढचं बघायला मला बसल्या जागी सगळं अंग वळवावं लागलं.