सान हुआन बाउतिस्ताचा नसलेला मनोरा

सॅन फ्रान्सिस्कोतील दिवस चढउतारांचे रस्ते, धुके आणि पर्यटकांची दाटी यांत सरले. मला खरी ओढ होती ती शहराच्या दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या सान हुआन बाउतिस्ता या लहानशा गावाची. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो' (१९५८) या चित्रपटातील दोन्ही निर्णायक प्रसंग तेथील मिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या जुन्या केंद्राच्या, घंटाघरात घडतात आणि उंचीच्या भयाने ग्रासलेला नायक ज्या जिन्यावर अर्ध्या वाटेत थिजतो, तो जिनाही त्याच मनोऱ्यातला आहे.

पडद्यावर पाहिलेली पांढरी भिंत आणि कमानींचा लांब व्हरांडा समोर जसेच्या तसे होते. मनोरा मात्र नव्हता. मला हे आधीपासून ठाऊक होते, तरीही मान आपोआप वर गेली. जवळच उभ्या असलेल्या एका पर्यटकाने "ही तर फसवणूक आहे," असे मोठ्याने म्हणून कुटुंबासह पाठ फिरवली, तेव्हा मला मनापासून राग आला, कारण तो ज्याला फसवणूक म्हणत होता ती या चित्रपटाची सर्वांत मोठी कारागिरी आहे.

या चर्चचा जुना मनोरा चित्रीकरणाच्या आधीच नाहीसा झालेला होता. हिचकॉक यांनी स्टुडिओत छोट्या प्रतिकृती आणि मॅट पेंटिंग, म्हणजे दृश्यात बेमालूम मिसळणारे रंगवलेले चित्र, यांच्या साहाय्याने नवा मनोरा उभारला. तो जुन्यासारखा नव्हता, कारण त्यांना इतिहास नव्हे, भय उभे करायचे होते. आतील जिनाही स्टुडिओतच बांधला गेला. जिन्यावरून खाली पाहताना पायऱ्या ताणल्या जाऊन खोल जातात ते दृश्य कॅमेरा एका दिशेने सरकवत त्याच वेळी झूम उलट दिशेने नेऊन साधले आहे. खऱ्या आकाराच्या जिन्यात कॅमेरा वर तोलून धरण्याचा खर्च पन्नास हजार डॉलर सांगण्यात आला. त्या दृश्यात माणूस दिसतच नाही, मग जिन्याची प्रतिकृती आडवी ठेवून चित्रण का करू नये, असे हिचकॉक यांनी विचारले आणि काम एकोणीस हजारांत झाले. हे तंत्र प्रत्यक्षात उतरवणारे छायाचित्रकार इर्मिन रॉबर्ट्स यांचे नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही, ही गोष्ट मला आजही खुपते. ज्या कथेत एक पुरुष मुळात अस्तित्वात नसलेल्या स्त्रीसाठी झुरतो, तिचा शेवट अस्तित्वात नसलेल्या मनोऱ्यावर व्हावा, याहून उचित स्थळ मला सुचत नाही.

चर्चमध्ये मात्र सारे अस्सल आहे. १७९७ साली स्थापन झालेल्या या मिशनमध्ये आजही प्रार्थना होतात आणि फरशीच्या विटांवर, त्या ओल्या असताना उमटलेली प्राण्यांची पावले दिसतात. आवाराला लागूनच सान आंद्रेयास भूभंग, म्हणजे भूकवचातील मोठी भेग, गेलेला आहे; १९०६ च्या भूकंपात चर्चच्या बाजूच्या भिंतींची मोठी हानी झाली होती. चौकापलीकडचा तबेलाही चित्रपटात आहे. जुन्या बग्ग्या पाहत मी तिथे ठरवल्यापेक्षा बराच अधिक वेळ रेंगाळले आणि जेवणाची वेळ टळून गेली, तरी त्याची खंत वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी माँटेरेजवळच्या सतरा मैलांच्या किनारी रस्त्यावर गेले. तिथे गाडीमागे प्रवेशशुल्क द्यावे लागते आणि ते मला एरवी खटकले असते. नायक-नायिकेच्या पहिल्या चुंबनाचा प्रसंग याच किनाऱ्यावर, सायप्रस पॉइंटला, चित्रित झाला. त्यातील एकाकी झाड शोधायला कोणी जाऊ नये, कारण तेही चित्रीकरणापुरते आणून उभे केलेले होते. खडकांवर फुटणाऱ्या लाटा मात्र तशाच आहेत, आणि केवळ त्यांच्यासाठी ते शुल्क मी पुन्हाही देईन.