हमदान: एस्तेर राणीच्या समाधीपाशी

पश्चिम इराणमधल्या हमदान शहरातल्या या समाधीचं दार अखंड दगडाचं आहे आणि इतकं बुटकं, की कमरेत वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. गुडघे दुखत असतील त्यांनी सोबत कुणाला तरी घ्यावं. आत विटांचा घुमट, हिब्रू अक्षरं आणि मधोमध कापडानं झाकलेल्या दोन लाकडी शवपेट्या. एक एस्तेरची, दुसरी तिचा चुलतभाऊ मोर्दखय याची.

अलिबागला आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, कुटुंब होतं. एस्तेरच्या गोष्टीची आठवण म्हणून ज्यू जो पुरीम सण करतात, त्याला त्यांच्याकडे ‘होळीचा सण’ म्हणायचे आणि आजी पुरणपोळ्या करायच्या. इराणचा बादशहा, त्याचा प्रधान हामान, ज्यूंच्या कत्तलीचा दिवस ठरवायला त्यानं टाकलेल्या चिठ्ठ्या आणि जिवावर उदार होऊन बादशहापुढे गेलेली ज्यू राणी एस्तेर, ही सगळी गोष्ट मी आजींच्या तोंडून मराठीतच ऐकली. सप्टेंबर २०२४ मध्ये हमदानला गेले ती त्या गोष्टीपायीच.

काही अभ्यासक म्हणतात, ही समाधी मुळात इराणच्या जुन्या सासानी घराण्यातला राजा पहिला यज्दगर्द याच्या राणीची, शूशानदुख्तची. तीही ज्यूच होती. म्हणजे कसंही पाहिलं तरी इराणच्या राजघरात गेलेल्या ज्यू मुलीपुढेच आपण उभे असतो. मला तेवढं पुरलं.

या जागेनं राग-लोभ दोन्ही पाहिले. २००८ मध्ये इराण सरकारनं तिला राष्ट्रीय वारसा यादीत घेतलं. पुढे दोन-तीन वर्षांतच बाहेर निदर्शनं झाली आणि तीर्थक्षेत्र असल्याची पाटी उतरवली गेली. तरी किल्ली आजही ज्यू रखवालदाराकडेच असते. आम्हाला आत घेताना त्यांनी एवढंच विचारलं, कुठून आलात? ‘हिंदुस्तान’ म्हटल्यावर चेहरा खुलला.

समाधीइतकाच वेळ गंजनामेला द्या. शहराच्या कडेला, अलवंद डोंगराच्या पायथ्याशी, इराणचा प्राचीन बादशहा दारियस आणि त्याचा मुलगा झर्क्सिस यांचे तीन भाषांतले शिलालेख कातळात कोरलेले आहेत. गोष्टीतला बादशहा अहश्वेरोश म्हणजे हाच झर्क्सिस, असं बहुतेक जण मानतात. शेजारी धबधबा आहे आणि माणसं सतरंज्या पसरून चहा पीत बसलेली असतात. हमदानचं जुनं नाव एकबाताना. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणचा बादशहा सायरसनं बाबिलोन जिंकलं, तिथे अडकलेल्या ज्यूंना घरी जाऊ दिलं आणि जेरुसलेमचं मंदिर पुन्हा बांधायला सांगितलं. बायबलच्या एज्रा पुस्तकानुसार त्या हुकमाची प्रत सापडली ती याच एकबातानात. मी कातळाखाली बराच वेळ बसून राहिले.

इराण आणि इस्राएल यांचं आजचं वैर १९७९ च्या इराणी क्रांतीनंतरचं. त्याआधी दोन्ही देशांचे संबंध होते, इस्राएलला इराणचं तेल जात होतं. १९४८ च्या सुमारास इराणात लाखाच्या आसपास ज्यू होते, आज आठ-दहा हजार उरलेत. त्यांच्यासाठी संसदेत एक जागा राखीव आहे.

आता जाणाऱ्यांसाठी. तेहरानच्या पश्चिम टर्मिनलवरून हमदानची बस मिळते, पाच-एक तास लागतात. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी समाधीला जाऊ नका, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो. आपली कार्डं तिथे चालत नाहीत, सगळे पैसे रोख न्या. भाव तोमानमध्ये सांगतात, नोटा रियालच्या असतात. एक तोमान म्हणजे दहा रियाल, पहिले दोन दिवस गोंधळ होतोच. बायकांनी ओढणी डोक्यावर ठेवावी. शहर १,८०० मीटरांवर आहे, सप्टेंबरातही रात्री स्वेटर लागतो. पासपोर्टवर इस्राएलची खूण असेल तर प्रवेश नाकारतात. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना विमानानं आल्यास पंधरा दिवस व्हिसा लागत नव्हता. २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती सवलत थांबली आहे. तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचाच. जून २०२५ च्या बारा दिवसांच्या इराण-इस्राएल युद्धात आपल्या लोकांना तिथून सोडवून आणावं लागलं होतं.

आणि इराणात असेपर्यंत इस्राएलमधल्या कुणालाही फोन किंवा मेसेज करू नका. तुम्हीही अडचणीत याल, तुमच्याशी बोललेली तिथली माणसंही. आजींची नात इस्राएलमधल्या अश्दोदला असते. तिला समाधीचे फोटो मी मुंबईत उतरल्यावरच पाठवले. थोड्याच दिवसांत, १ ऑक्टोबरला, इराणची क्षेपणास्त्रं तिच्या देशावर पडली. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला: आम्ही ठीक आहोत. दाराचा फोटो मोठा करून पाठव, आजीच्या फोटोशेजारी लावायचाय.